हरवलेली मधली पायरी

धडगाव, मेळघाट, भामरागड, जव्हार. महाराष्ट्राच्या कोणत्याही दुर्गम भागातील आरोग्य उपकेंद्रात सकाळच्या वेळी डोकावले, तर चित्र साधारण सारखेच दिसते. ओसरीवर पाच-सात माणसे बसलेली असतात. कुणाच्या मुलाला ताप आहे, कुणाला रक्तदाब मोजून घ्यायचा आहे, एखादी सात महिन्यांची गर्भवती सासूबरोबर डोंगर उतरून आलेली आहे. आत टेबलापाशी बसलेल्या तरुणीला कुणी 'मॅडम' म्हणते, कुणी 'सिस्टर', तर म्हातारी माणसे सरळ 'डॉक्टरीणबाई' म्हणून मोकळी होतात. ती डॉक्टर नाही. तिच्या शेजारी उभी असलेली आरोग्य सेविका आणि ती यांच्यातही फरक आहे. 'समुदाय आरोग्य अधिकारी' असे तिचे पदनाम. ओसरीवरच्या माणसाला या तीन शब्दांचा बोध होत नाही, यात नवल नाही. नवल हे की, या पदावरील व्यक्तीने स्वतःच्या जबाबदारीवर कोणता उपचार करावा आणि कोठे हात आवरावा, हे देशाच्या कायद्यानेही अद्याप स्पष्ट शब्दांत सांगितलेले नाही.

२०१८च्या अर्थसंकल्पात दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रांची घोषणा झाली. त्याच वर्षी १४ एप्रिलला छत्तीसगडमधील बिजापूर जिल्ह्यात जांगला या गावी पहिल्या केंद्राचे उद्‌घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. २०२३मध्ये या केंद्रांचे 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे नामांतर करण्यात आले. उपकेंद्राची जुनी ओळख लसीकरण आणि कुटुंबनियोजन एवढ्यापुरती होती. तेथे आता मधुमेह व रक्तदाबाची तपासणी, कर्करोगाची प्राथमिक चाचपणी, वृद्धांची शुश्रूषा, मानसिक आरोग्य, डोळे, दात अशा एकूण बारा प्रकारच्या सेवा मिळाव्यात, अशी ही योजना आहे. या सेवा देणार कोण? एम.बी.बी.एस. डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात टिकत नाही, तो पाच हजार वस्तीच्या उपकेंद्रात येण्याची शक्यताच नाही. म्हणून परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या किंवा आयुर्वेदाची पदवी मिळवलेल्या तरुण-तरुणींना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम देऊन तेथे नेमण्यात आले. जगात अन्यत्र ज्यांना 'नर्स प्रॅक्टिशनर' किंवा 'फिजिशियन असिस्टंट' म्हणतात, त्यांच्याशी नाते सांगणारा एक वर्ग अशा रीतीने भारतात उभा राहिला. तो उभा राहिला याचे स्वागतच केले पाहिजे. पण त्याला नाव, अधिकार आणि भविष्य न देता, जणू तात्पुरती सोय म्हणून, मागील दाराने उभे केले गेले आहे. रुग्ण आणि परिचारिका दोघांनाही यात धोका आहे, आणि या प्रश्नाची खरी गाठ इथेच आहे.

एकोणतीस हजारांचा विसर

या मधल्या पायरीविषयी बोलताना बहुतेक जण अमेरिकेपासून सुरुवात करतात. वस्तुतः ही पायरी भारतात होती आणि ती अत्यंत सन्मान्य हेतूने काढून टाकण्यात आली, हा इतिहास आज फारसा कुणाला आठवत नाही. जुन्या पिढीतील लोकांना मात्र गावातले एल.सी.पी.एस. डॉक्टर स्मरत असतील. विदर्भात त्यांना एल.एम.पी. म्हणत. सायकलवरून किंवा घोड्यावरून फिरणारे, बाळंतपणापासून प्लेगपर्यंत सारे निभावणारे हे डॉक्टर विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. पुण्याच्या बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूलसारख्या किंवा नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलसारख्या संस्थांतून ते पदविका घेऊन बाहेर पडत.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, तेव्हा देशातील नोंदणीकृत डॉक्टरांची संख्या ४७,५२४ होती. त्यांपैकी २९,८७० हे असे पदविकाधारक होते. पदवीधर १७,६५४. म्हणजे ब्रिटिश भारतात जे काही वैद्यकीय साहाय्य सामान्य माणसाला मिळत होते, त्याचा मोठा भार याच वर्गाच्या खांद्यावर होता. परिचारिकांची अवस्था तर विचारूच नये. त्या अहवालानुसार ४३ हजार लोकसंख्येमागे एक परिचारिका होती, तर ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर.

भोर समितीने हा पदविकाधारकांचा वर्ग यापुढे निर्माण करू नये, सारे बळ एकाच प्रकारचा, विद्यापीठात शिकलेला 'मूलभूत डॉक्टर' घडवण्यावर लावावे, अशी शिफारस केली. समितीतील काही सदस्यांनी तिला विरोध नोंदवला. डॉक्टरांचा इतका तुटवडा असताना आहे ती शिडी मोडू नये, हे त्यांचे म्हणणे होते. बहुमताने ते मानले नाही. बहुमताचा युक्तिवाद टाकाऊ नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. शहराला पूर्ण डॉक्टर आणि खेड्याला अर्धा डॉक्टर, ही विषमता स्वतंत्र होऊ घातलेल्या राष्ट्राला शोभणारी नव्हती. खुद्द पदविकाधारकही अपमानित होते. १९३३च्या इंडियन मेडिकल कौन्सिल कायद्याने त्यांना अखिल भारतीय नोंदवहीबाहेर ठेवले होते, आणि समान दर्जासाठी त्यांच्या संघटनेने दीर्घकाळ झगडा केला होता. वैद्यकीय शाळा एकामागून एक बंद झाल्या किंवा महाविद्यालयांत रूपांतरित झाल्या. पुण्याच्या शाळेचे बी. जे. मेडिकल कॉलेज झाले ते त्याच वर्षी, १९४६मध्ये.

समतेच्या या निर्णयाचे फलित काय? पूर्ण डॉक्टर शहरातच राहिला आणि खेड्याला अर्धाही उरला नाही. जी पोकळी झाली ती रिकामी राहिली नाही, कारण आजारी माणूस वाट पाहत थांबत नाही. ती जागा शहरातल्या डॉक्टरकडे चार वर्षे काम केलेल्या कंपाउंडरने घेतली, औषधाच्या दुकानदाराने घेतली, कसलीही पदवी नसताना सलाइनची बाटली लटकवणाऱ्या बोगस डॉक्टरने घेतली. आजही आठवडी बाजाराच्या गावात 'सुई मारणारा' जो माणूस सापडतो, तो त्या मोडलेल्या शिडीचा वारस आहे. मधल्या पायरीला विरोध करणाऱ्या वैद्यकीय संघटनांनी या वारसाकडे पाहून मग बोलावे. तुलना एम.बी.बी.एस. डॉक्टर आणि प्रशिक्षित परिचारिका यांच्यात करायचीच नसते. ज्या गावात डॉक्टर येतच नाही, तेथे तुलना प्रशिक्षित परिचारिका आणि हा सुईवाला यांच्यात असते.

मागील दाराने

ही पायरी पुन्हा बांधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. छत्तीसगड राज्याच्या स्थापनेनंतर लगेच, २००१मध्ये, तेथे तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू झाला. वैद्यकीय संघटनांचा विरोध झाला, न्यायालयीन वाद झाले, पदवीचे नाव पुन्हा पुन्हा बदलावे लागले आणि काही वर्षांतच अभ्यासक्रम गुंडाळला गेला. मात्र बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना 'ग्रामीण वैद्यकीय साहाय्यक' म्हणून आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमण्यात आले. २०१०मध्ये या राज्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतील सेवेचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या आजारांच्या बाबतीत हे तीन वर्षे शिकलेले साहाय्यक एम.बी.बी.एस. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोडीस तोड ठरले, असा त्याचा निष्कर्ष होता. आयुष पदवीधर या कामात त्यांच्या मागे पडले.

हा शेवटचा मुद्दा काहींना बोचेल, पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. आयुर्वेदाच्या पदवीधराची परीक्षा त्याला जे शिकवलेच नव्हते त्यात घेतली गेली, म्हणून तो मागे पडला. त्याच्या शास्त्रात उणीव होती, असा निष्कर्ष यातून निघत नाही. आयुर्वेदाचा सन्मान आयुर्वेदाच्या चिकित्सेला केंद्रात स्थान, औषधे आणि संशोधन मिळाल्याने होईल. साडेपाच वर्षे चरक-सुश्रुत अभ्यासलेल्या वैद्याला सहा महिन्यांच्या पुरवणीवर ॲलोपॅथीचा स्वस्त बदली कामगार म्हणून नेमण्याने त्या शास्त्राचा गौरव होतो, असे मानणे ही आत्मवंचना आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एका वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर आधुनिक औषधे लिहू देण्याचा महाराष्ट्राचा २०१४चा निर्णयही याच जातकुळीचा. त्यांच्या नोंदणीवरून सप्टेंबर २०२५मध्ये राज्यातील डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला आणि वाद पुन्हा त्याच जागी येऊन उभा राहिला. एका शास्त्राचे शिक्षण द्यायचे आणि दुसऱ्याची चाकरी करून घ्यायची, हा मार्ग मधली पायरी बांधण्याचा नव्हे.

आसामने २००४मध्ये कायदा करून तीन वर्षांची ग्रामीण वैद्यकाची पदविका सुरू केली. गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला आणि जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवणे हा केंद्राचा विषय आहे आणि राज्याला तो ओलांडता येत नाही, हे त्या निकालाचे सार. त्याच न्यायालयाने, मध्यंतरी राज्याने या पदविकाधारकांसाठी केलेला वेगळा, मर्यादित भूमिकेचा २०१५चा कायदा मात्र वैध मानला. सूचना स्पष्ट आहे. 'डॉक्टर' म्हणून नवा वर्ग मागील दाराने आणता येणार नाही; स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मर्यादेत आणता येईल.

केंद्राने तसा प्रयत्न केलाही. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील कलम ३२ 'समुदाय आरोग्य प्रदाता' या नावाने मर्यादित परवान्याची तरतूद करते. प्राथमिक व प्रतिबंधक आरोग्यसेवेत ठरावीक औषधे स्वतंत्रपणे देण्याची मुभा, त्यापलीकडे डॉक्टरच्या देखरेखीखाली काम, आणि एकूण परवानाधारक डॉक्टरांच्या एकतृतीयांशाहून अधिक संख्या नाही. या कलमावर त्या वर्षी देशभर डॉक्टर रस्त्यावर उतरले. पण गंमत अशी की, उपकेंद्रांवर झालेल्या हजारो नेमणुका या कलमाखाली झालेल्या नाहीत. त्या राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांवर झाल्या. एकीकडे कायद्यात परवाना आहे. दुसरीकडे परवान्याविना प्रत्यक्ष काम चालले आहे. दोहोंची भेट घडवण्याची तसदी कुणी घेतलेली दिसत नाही.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो? मधुमेहाचे औषध वैद्यकीय अधिकाऱ्याने सुरू करावे आणि उपकेंद्राने ते पुढे चालू ठेवावे, अशी सूचना आहे. व्यवस्था शहाणपणाची आहे. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातील अधिकाऱ्याची जागा रिक्त असेल, किंवा तो प्रशिक्षणाला गेला असेल, तर औषध सुरू कोण करणार? ई-संजीवनीवरून सल्ला घ्यावा, तर डोंगरात भ्रमणध्वनीला जाळे नाही. समोर बसलेल्या माणसाचा रक्तदाब वरच्या पट्टीत गेलेला. अशा वेळी परिचारिकेने गोळी दिली आणि बरे झाले, तर कुणी विचारत नाही. विपरीत घडले, तर तिच्या पाठीशी ना परवाना असतो, ना कायदा. न दिली आणि माणूस दगावला, तरी जमाव तिच्याच दारात येतो.

पुरावा घराजवळचा

डॉक्टर नसलेल्या व्यक्तीच्या हाती उपचार सोपवणे कितपत सुरक्षित आहे, ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर भावनेने देऊन चालणार नाही. सुदैवाने उत्तर शोधायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७०पासून निरक्षर, अनेकदा परित्यक्ता असलेल्या ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी एक पाऊल पुढे टाकले. नवजात अर्भकांचे मृत्यू थांबवायचे तर दवाखाना नव्हे, आईचे घर हे उपचाराचे ठिकाण असले पाहिजे, असे त्यांनी मानले. गावातल्याच स्त्रियांना त्यांनी श्वास मोजायला, बाळ उबेत ठेवायला, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखायला आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले. ३९ गावांतील या प्रयोगाचे निष्कर्ष डिसेंबर १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे 'आशा' कार्यकर्तीच्या गृहभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम याच पायावर उभा राहिला.

त्या इंजेक्शनवर त्या काळी किती गहजब झाला असता, याची कल्पना करता येते. पण तेथे काय होते ते पाहिले पाहिजे. नेमके एक काम, त्याची ठरलेली पद्धत, सतत प्रशिक्षण, प्रत्येक बाळाची नोंद, आणि मागे उभे असलेले दोन डॉक्टर. ज्ञान डॉक्टरचे, हात गावचा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनची साधी गोळी गुणकारी ठरते हे दाखवून दिले, तेव्हाही हेच घडले. शोध लावायला असामान्य चिकित्सक लागला. गोळी वेळेवर द्यायला असामान्य माणूस लागत नाही, ती जवळ असावी लागते आणि देणाऱ्याला अधिकार असावा लागतो.

परदेशातील अनुभवही साधारण हेच सांगतो. १९६५मध्ये अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला 'नर्स प्रॅक्टिशनर' अभ्यासक्रम सुरू केला. ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टीड यांनी त्याच वर्षी नौदलातील माजी वैद्यकीय सैनिकांना घेऊन 'फिजिशियन असिस्टंट' घडवायला प्रारंभ केला. आज तेथे पहिल्या वर्गाची संख्या साडेतीन लाखांच्या वर, दुसऱ्याची दीड लाखाच्या वर आहे, आणि निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरच्या देखरेखीविना काम करता येते. कॅनडातील बर्लिंग्टन येथे १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कुटुंबांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी करण्यात आली होती. नर्स प्रॅक्टिशनरांनी सुमारे दोनतृतीयांश भेटी डॉक्टरला न विचारता हाताळल्या आणि रुग्णांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांचा २०२२मधील अभ्यास सांगतो की, तेथे एकट्याने काम करणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरांच्या हातून रुग्णाला वेळ अधिक लागला आणि खर्चही वाचला नाही. म्हणजे नेहमीचा, ओळखीचा आजार आणि दारात अचानक आलेला अनोळखी आजार यांत फरक करावाच लागतो. हा फरक करता येणे हेच मुळी डॉक्टरचे सहा वर्षांचे शिक्षण आहे.

ब्रिटनने याची किंमत मोजली. तेथील शासकीय आरोग्यसेवेत 'फिजिशियन असोसिएट' नेमले गेले. डॉक्टर मिळत नाहीत म्हणून काही ठिकाणी त्यांनाच डॉक्टरच्या जागी बसवले गेले आणि आपण डॉक्टरला भेटत नाही आहोत हे अनेक रुग्णांना कळलेच नाही. तक्रारी व मृत्यू यांनंतर प्रा. जिलियन लेंग यांच्याकडे चौकशी सोपवण्यात आली. जुलै २०२५च्या त्यांच्या अहवालाने सुचवलेली पहिलीच गोष्ट नावाविषयी होती: 'असोसिएट' हा शब्द काढून 'असिस्टंट' ठेवा. ओळखू येणारा वेगळा गणवेश, आणि निदान न झालेल्या रुग्णांना त्यांनी, अपवाद वगळता, प्रथम तपासू नये, या पुढच्या सूचना. ही मंडळी निकामी आहेत, असे अहवालाने म्हटले नाही. त्यांना दिलेली जागा चुकीची होती.

'डॉक्टरीणबाई' या हाकेतला धोका नेमका हाच आहे. ओसरीवरचा माणूस जेव्हा समोरच्या परिचारिकेला डॉक्टर समजतो, तेव्हा तो तिच्याकडून डॉक्टरइतकी अपेक्षा करतो, आणि तिने 'तालुक्याला जा' म्हटले की टाळाटाळ करते असे मानतो. तिच्या कामातील सर्वांत मोलाचा भाग हाच 'जा' म्हणण्याचा आहे. पण संदर्भसेवेची चिठ्ठी हाती देऊन पाठवलेला रुग्ण ग्रामीण रुग्णालयात पोहोचला का, तेथे त्याला कुणी पाहिले का, परतल्यावर काय औषध चालू ठेवायचे, याची खबर उपकेंद्राला क्वचितच मिळते. चिठ्ठी जाते, उत्तर येत नाही.

उपस्थात्याचे स्थान

चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या ठायी जे चार गुण अपेक्षिले, त्यांत पहिला आहे उपचाराचे ज्ञान. दक्षता, रुग्णाविषयीचा जिव्हाळा आणि शुचिता ही त्याच्या जोडीची. परिचारक म्हणजे निव्वळ आज्ञाधारक सेवक, ही समजूत त्या ग्रंथातली नाही. ती नंतरच्या काळातली, अधिकाराच्या उतरंडीतून आलेली आहे. मोठ्या रुग्णालयातील अतिदक्षता विभागात रात्री तीन वाजता कृत्रिम श्वसनयंत्राचा आवाज बदलला, तर प्रथम कान टवकारते ती परिचारिका. निवासी डॉक्टर येईपर्यंत काय करायचे हे तिला पंधरा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक असते, आणि पुष्कळदा ती ते करतेही. नंतर कागदावर सही मात्र डॉक्टरची होते. हा देशभरच्या रुग्णालयांतील उघड गुपिताचा व्यवहार आहे. त्यातली प्रतारणा दोन्ही बाजूंनी आहे. तिच्या ज्ञानाला मान्यता नाही आणि तिच्या चुकीला उत्तरदायित्वही नाही.

भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तयार केला. २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रसूतिसेवेसाठी अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाची जोड देऊन नवा वर्ग घडवायचे ठरवले. १९९२मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी हृदयशस्त्रक्रियेच्या मदतीसाठी सुरू केलेला फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम देशात रुजला आणि २०२१च्या संलग्न आरोग्यव्यवसाय कायद्याने त्या व्यवसायाला सूचीत स्थानही दिले. कागदावर पायऱ्या आहेत, हे नाकारता येणार नाही. पण शासकीय रुग्णालयाच्या आकृतिबंधात अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही जुनीच साखळी आहे. दोन वर्षे अधिक शिकून आलेल्या परिचारिकेला पुन्हा त्याच कक्षात, त्याच वेतनावर, त्याच पाळीत उभे राहायचे असेल, तर ती शिकेल कशासाठी? मग ती आखाती देशांत किंवा इंग्लंडला जाते. तिच्या जाण्याला 'ब्रेन ड्रेन' म्हणण्याचीही रीत नाही; तो शब्द डॉक्टर आणि अभियंते यांच्यासाठी राखून ठेवलेला आहे.

गावपातळीवरची अवस्था याहून नाजूक. समुदाय आरोग्य अधिकारी कंत्राटी आहे. करार दरवर्षी नूतनीकरणाला येतो, मोबदल्याचा एक भाग ठरावीक निर्देशांक पूर्ण केल्यावरच मिळतो. निर्देशांक म्हणजे आकडे, आणि आकडे म्हणजे संगणकावरील नोंदी. परिणामी ज्या वेळात चार घरे फिरायची, त्या वेळात नोंदी भरल्या जातात. ऑगस्ट २०२५मध्ये राज्यातील राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी शासन सेवेत समायोजनासाठी संपावर गेले, तेव्हा वृत्तपत्रांनी गैरसोयीच्या बातम्या दिल्या. गावाच्या आरोग्याचा पहिला आधार एका वर्षाच्या करारावर उभा आहे, याची बातमी झाली नाही.

या साऱ्यात शासनाने करायच्या गोष्टी अगदी मोजक्या आहेत आणि त्यांना मोठा निधीही लागत नाही. कलम ३२चा परवाना आणि उपकेंद्रावरची नेमणूक यांची सांगड घालावी. कोणते औषध कुणी सुरू करायचे, कोणत्या लक्षणाला हात न लावता रुग्णवाहिका बोलवायची, याची यादी नियमाच्या रूपाने राजपत्रात यावी. अभियानाच्या परिपत्रकात नको, कारण परिपत्रक न्यायालयात परिचारिकेचे रक्षण करत नाही. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम वाढवून त्यातील निम्मा काळ तरी ग्रामीण रुग्णालयाच्या प्रत्यक्ष कामात जावा. आणि ज्या गावात डॉक्टरची जागा मंजूर आहे, तेथे ती जागा या नेमणुकीच्या आधारे रिक्त ठेवण्यास स्पष्ट मनाई असावी. ही शेवटची अट नसेल, तर वैद्यकीय संघटनांची भीती उद्या खरी ठरेल. वित्त विभागाला स्वस्त पर्याय सापडला की तो महाग पर्याय विसरतो, हा अनुभव आहे.

वैद्यकीय संघटनांनीही विरोधाची जुनी घोषणा सोडून या यादीच्या टेबलावर बसले पाहिजे. मर्यादा ठरवण्याचे ज्ञान त्यांच्याकडेच आहे. त्यांनी ती ठरवली नाही, तर ती मंत्रालयातील एखादा कार्यासन अधिकारी ठरवेल.

१९४७चा भारतीय परिचर्या परिषद कायदा मोडीत काढून त्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संसदेने २०२३मध्ये संमत केला आहे. परिचारिकेच्या नोंदणीची पुस्तके नव्याने उघडली जाणार असतील, तर महाराष्ट्राच्या नोंदवहीत उपकेंद्रावर एकटीने काम करणाऱ्या परिचारिकेसाठी एक स्वतंत्र रकाना असावा. तिचे नाव, तिचे अतिरिक्त शिक्षण आणि तिला दिलेला अधिकार त्यात लिहिलेला असावा. त्याची एक प्रत, साध्या मराठीत, उपकेंद्राच्या ओसरीवरच्या फलकावरही लावता येईल.